राऊटरची शिंगे मोजू नका, दात पाहा



तुळशीची लग्ने लागली. कारखान्यांची धुराडी पेटली, आगाप हरभरा फुलावर येऊ लागला आणि गावोगाव मांडव उभे राहू लागले. या दिवसांत मी दरवर्षी घाटेअळीवर लिहितो. यंदाही लिहिणार आहे, पण एक आठवडा उशिरा. कारण दिवाळी झाल्यावर खटाव तालुक्यातल्या एका गावी हरभऱ्याची उगवण पाहायला गेलो होतो, तेव्हा एका घरात जी भानगड पाहिली ती आधी सांगितली पाहिजे. विषय शेतीचा नाही, राऊटरचा आहे. मात्र त्यात जाणारा पैसा शेतीतलाच होता, आणि त्यापायी एक नांदते घर दोन ठिकाणी व्हायची वेळ आली होती.

घर तसे खाऊनपिऊन सुखी. सात एकर रान, त्यात दोन एकर ऊस, दावणीला चार दुभती जनावरे. थोरला मुलगा शेती पाहतो. धाकटा लग्नाचे शूटिंग करतो. त्याच्याकडे दोन कॅमेरे आहेत आणि पंचक्रोशीत त्याच्या कामाला नाव आहे. त्याची बायको बी.कॉम. झालेली. ती घरीच लॅपटॉपवर बसून त्या शूटिंगची काटछाट करते, जुळणी करते, गाणी घालते. म्हणजे कॅमेरा नवऱ्याचा आणि कात्री बायकोची. कॅमेऱ्याची कार्डे रिकामी करायचा मोठा संगणक माडीवर आहे. सुनेचा लॅपटॉप खाली माजघरात, कारण तान्हे मूल आणि चूल या दोन्हींवर नजर ठेवून तिला काम उरकावे लागते.

चहा झाला तसे घरातले वडीलधारे दादा म्हणाले, "साहेब, हरभऱ्याचं राहू द्या जरा. हा पोरगा बायको-पोराला घेऊन तालुक्याला खोली करतो म्हणतोय. कारण काय, तर घरात नेट चालत नाही म्हणे."

मुलगा म्हणाला, "नेट चालतंय साहेब. पण माझ्या कम्प्युटरवरनं हिच्या लॅपटॉपवर एक लग्न टाकायचं म्हटलं तर रात्र जाते, वर दुसऱ्या दिवसाची दुपार जाते. पन्नासचा प्लॅन होता, तो दोनशेचा केला. महिन्याला पैसे वाढले, पण काटा हालला नाही. आता आठ अँटेनाचा राऊटर बघून ठेवलाय. चौदा हजार."

"चौदा हजारांत माझं रब्बीचं खत येतं," दादा म्हणाले, आणि तोंड फिरवून बसले.

मी म्हटले, आधी माडीवर चला. पाहिल्याशिवाय औषध सांगायचे नाही, ही आमच्या खात्याची जुनी सवय.

बंधूंनो, इथे पहिली गोष्ट समजून घ्यावी. तिथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. कंपनीकडून आपण जो इंटरनेटचा प्लॅन घेतो, तो बाहेरून घरात येणाऱ्या माहितीचा. घरातल्या एका यंत्रावरून घरातल्याच दुसऱ्या यंत्रावर फाईल न्यायची, तर ती बाहेर जातच नाही. ती संगणकातून राऊटरमध्ये आणि राऊटरमधून लॅपटॉपमध्ये जाते. माडीवरून निघून माजघरात पोचते, गावाची वेस ओलांडत नाही. कालव्याला पाणी किती सुटले याचा, आणि तुमच्या विहिरीचे पाणी घरच्या टाकीत किती वेळात चढते याचा काय संबंध? तसेच हे आहे. प्लॅन पन्नासचा असो वा दोनशेचा, घरातली फाईल आपल्याच चालीने चालणार. ती चाल ठरते राऊटर, केबल आणि दोन्ही टोकांची यंत्रे यांवर. फाईल न्यायच्या वेळी इंटरनेट बंद असले तरी चालते. राऊटरला वीज असली म्हणजे झाले.

दुसरी गोष्ट मापाची. कंपन्या आणि राऊटरवाले वेग सांगतात तो एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला इतके दशलक्ष बिट या हिशेबात. आपल्या फाईली मोजल्या जातात बाईटमध्ये. आठ बिटांची एक बाईट होते. म्हणून खोक्यावरचा आकडा आठाने भागला म्हणजे फाईलचा खरा हिशेब लागतो. शंभर एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, आणि वाटेतली गळ वजा जाता हाती अकरा-साडेअकरा. दुकानदार शेरात बोलतो आणि आपण पायलीत ऐकतो, असा हा घोळ आहे.

त्या मुलाचा हिशेब मांडून पाहिला. त्याचा कॅमेरा चांगल्या प्रतीचे चित्रण सेकंदाला शंभर एमबीटांनी भरतो. म्हणजे एका तासाला ४५ जीबी. एका लग्नात दोन कॅमेऱ्यांचे तीन-तीन तास धरले तर २७० जीबी झाले. माडीवर फाईल टाकायला लावली आणि पडद्यावर पाहिले, तर वेग सेकंदाला ४ एमबी. २७० जीबी या चालीने न्यायला पावणेएकोणीस तास लागतात. पोरगा खोटे बोलत नव्हता.

आता हे असे का? राऊटर पाहिला. सोप्यात, टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाला चिकटून ठेवलेला. जुना, एकाच पट्ट्यावर चालणारा. वाय-फायचे मुख्य दोन पट्टे असतात, २.४ गीगाहर्ट्झ आणि ५ गीगाहर्ट्झ. २.४ चा पट्टा लांब जातो, भिंती बऱ्यापैकी ओलांडतो, पण अरुंद असतो आणि शेजारपाजारच्या राऊटरांची त्यावर गर्दी असते. ५ चा पट्टा रुंद आणि वेगवान, पण जाड भिंतीपुढे दमतो. या घरच्या राऊटरला ५ चा पट्टा नव्हताच.

शिवाय संगणक वाय-फायवर आणि लॅपटॉपही वाय-फायवर. ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दोन्ही यंत्रे बिनतारी असली, तर तीच फाईल एकाच हवेतून दोनदा जाते: एकदा संगणकाकडून राऊटरकडे, आणि पुन्हा राऊटरकडून लॅपटॉपकडे. एकाच बांधावरून दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या की एकीला थांबावे लागते. इथेही तेच होते आणि वेग निम्म्यावर येतो. दोहोंपैकी एक यंत्र जरी तारेने राऊटरला जोडले, तरी हवेवरचा भार अर्धा होतो. पैसे खर्च करण्याआधी करून पाहण्यासारखा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

मी एक जुनी केबल मागितली आणि राऊटर तात्पुरता माडीवर नेऊन संगणकाला जोडला. लॅपटॉपही तारेने जोडला. वेग अकरावर गेला आणि तिथेच खिळून राहिला. आकडा अकरा-साडेअकराला असा खिळला, म्हणजे कुठेतरी शंभराचा पोर्ट किंवा शंभराची तार आहे असे खुशाल समजावे. पोर्ट म्हणजे राऊटरच्या पाठीमागची केबल खोचायची खाच. साडेसातचा पंप आणि तीन इंची पाईप टाकली, पण मध्ये एक सांधा दीड इंची असला, तर टाकीत पाणी दीड इंचाचेच पडते. या राऊटरचे सगळे पोर्ट शंभराचे होते.

हे मला चटकन कळले, कारण याच ठेचेने मी एकदा पडलो आहे. ते सांगायला थोडी लाज वाटते, पण सांगतो.

२०१९ साली माझ्या घरच्या जुन्या संगणकाची डिस्क कटकट आवाज करू लागली. तीत माझ्या नोकरीतले फोटो होते. पीक प्रात्यक्षिके, शेतीशाळा, गावसभा, बांधावरची माणसे. सगळे मिळून तीनशे जीबीच्या घरात. नव्या लॅपटॉपवर ते घ्यायचे म्हणून मी तालुक्याच्या दुकानातून नवा राऊटर आणला. दुकानाचे नाव सांगत नाही. चूक त्याच्याइतकीच माझी. खोक्यावर मोठ्या अक्षरांत १२०० छापले होते आणि चार अँटेना होत्या. चार शिंगांचे जनावर दिसायला दांडगे, म्हणून घेतले. संगणक तारेने जोडला, लॅपटॉप वाय-फायवर घेतला, रात्री दहाला फाईली लावल्या आणि झोपलो. पडद्यावर साडेसात तास दाखवत होते. म्हटले, सकाळी उठेपर्यंत होईल.

पहाटे तीनच्या सुमारास डिस्क बसली ती बसलीच. फोटोंचे कप्पे मी वर्षवार लावले होते आणि ते त्याच क्रमाने उतरत होते. २०११ पर्यंतचे आले. २०१२-१३ च्या दुष्काळात माण-खटावात चारा छावण्या होत्या. त्या छावण्यांवर मी महिनोन् महिने होतो, आणि तिथले फोटो त्यापुढच्या कप्प्यात होते. ते गेले. दुरुस्तीवाल्याकडे डिस्क नेली, त्यानेही हात टेकले.

नंतर राऊटर उलटा करून बारीक अक्षरे वाचली. पोर्टसमोर छापले होते, १०/१००. म्हणजे वाय-फाय कितीही धावो, तारेच्या सांध्यावर अकरा एमबीच्या वर काही जाणारच नव्हते. तोच पोर्ट हजाराचा असता, तर दोन-अडीच तासांत, मध्यरात्रीच्या सुमारास सगळे उतरून झाले असते. आणि खरा शहाणपणा तर असा होता की मरणाऱ्या डिस्कला राऊटरच्या वाटेने न्यायचेच नव्हते. ती काढून तारेने थेट लॅपटॉपला लावायला हवी होती, आणि आधी मोलाचे फोटो, मग बाकीचे, असा क्रम ठेवायला हवा होता. तुमच्याकडे एखादी डिस्क आवाज करू लागली असेल, तर राऊटरच्या निवडीत वेळ न घालवता हेच करावे.

असो. आता दुकानात उभे राहिल्यावर काय पाहावे ते सांगतो.

बैल घेताना आपण शिंगांचा डौल पाहून पैसे देत नाही. दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. राऊटरचे दात म्हणजे त्याचे पोर्ट. खोक्यावर १०/१००/१००० किंवा गीगाबिट असे लिहिले असेल तरच घ्यावा, आणि सगळेच पोर्ट तसे आहेत ना, हे विचारावे. गीगाबिट पोर्टमधून चांगल्या तारेने सेकंदाला शंभर-एकशेदहा एमबी जातात. नुसते १०/१०० लिहिलेला राऊटर फाईली नेण्याच्या कामाला घेऊ नये, मग त्याला दहा अँटेना का असेनात.

अँटेनांविषयी एवढे ध्यानात ठेवावे की दोन्ही टोके सारखी लागतात. आपल्या बहुतेक लॅपटॉपांच्या आत दोनच अँटेना असतात. स्वस्त मोबाईलमध्ये तर एकच. राऊटरला आठ असल्या तरी तुमचा लॅपटॉप दोघांशीच बोलणार. ज्या घरात वीस-पंचवीस यंत्रे एकाच वेळी चालतात तिथे जास्त अँटेनांचा उपयोग होतो. दोन संगणक आणि पाच मोबाईलांच्या घरात त्या शोभेच्या.

पिढीविषयी. वाय-फायला आता अंक दिलेले असतात. ४ ही २००९ सालची पिढी, ५ ही २०१३ च्या आसपासची, ६ ही २०१९ पासून बाजारात रुळलेली, आणि ७ ला २०२४ पासून अधिकृत प्रमाणपत्र मिळू लागले. माझे मत विचाराल तर नवा घेताना ६ घ्यावा. ७ चा मोह नको. तुमचा लॅपटॉप आणि मोबाईल ७ चे नसतील तर जास्तीचे पैसे पाण्यात. जुनी यंत्रे नव्या राऊटरवर चालतात, पण आपल्या जुन्याच चालीने.

खोक्यावरचा मोठा आकडा हा तर बेरजेचा खेळ असतो. १२०० लिहिले असेल तर त्यात २.४ च्या पट्ट्याचे ३०० आणि ५ च्या पट्ट्याचे ८६७ मिळवून वर गोळाबेरीज केलेली असते. तुमचा लॅपटॉप एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, म्हणून ३०० सोडून द्यावेत. उरलेल्या ८६७ पैकी खरे हाती येतात निम्मे किंवा थोडे जास्त, तेही राऊटर त्याच किंवा शेजारच्या खोलीत असेल तर. म्हणजे सेकंदाला पन्नास-साठ एमबी. वाय-फाय ६ च्या १५०० लिहिलेल्या राऊटरमध्ये ५ च्या पट्ट्याचे १२०१ असतात. ३००० लिहिलेल्यात २४०२ असतात खरे, पण ते पुरते घेणारा लॅपटॉप हवा. बहुतेक मोबाईल त्यावरही १२०१ वरच थांबतात. गावच्या घराला १५०० चा पुष्कळ झाला. भाव बदलत राहतात, पण गीगाबिट पोर्टांचा साधा राऊटर दोन-तीन हजारांच्या आसपास मिळतो. चौदा हजारांच्या वाटेला जायचे काही कारण नाही.

त्याआधी एक करावे. फायबरचे कनेक्शन देताना कंपनीने जो डबा बसवला आहे, तोच उलटून पाहावा. पुष्कळ नव्या डब्यांना ५ चा पट्टा आणि गीगाबिट पोर्ट असतात. तसे असेल तर नवा राऊटर घेऊच नये, नुसती एक चांगली केबल आणावी. आणि नवा घेतलाच, तर फाईल देणारे आणि घेणारे अशी दोन्ही यंत्रे त्या एकाच राऊटरला जोडावीत. एक कंपनीच्या डब्याला आणि दुसरे नव्या राऊटरला जोडले की ती बहुधा एकमेकांना ओळखतच नाहीत, आणि माणूस राऊटरला शिव्या देत बसतो. पाहुण्यांसाठी म्हणून राऊटरमध्ये जे वेगळे वाय-फाय असते, त्यावरही हीच अडचण येते. विंडोजमध्ये घरच्या वाय-फायपुढे 'प्रायव्हेट' निवडलेले असावे, नाहीतर फाईली वाटायला संगणक नकार देतो.

तर त्या मुलाने माझे ऐकले. चौदा हजारांचा बेत सोडून वाय-फाय ६ चा, १५०० चा, चारही पोर्ट गीगाबिट असलेला राऊटर आणला. आणि चौथ्या दिवशी मला फोन. "साहेब, अकराच येतंय."

आवाजात तक्रार होती, आणि ती रास्त होती. त्याच्या पैशांचा सल्ला मी दिला होता. रविवारी पुन्हा गेलो. संगणकात तारेच्या जोडणीचा वेग पाहता येतो. तिथे १००० दिसायला हवे होते, दिसत होते १००. राऊटर हजाराचा, संगणक हजाराचा, मग मध्ये शंभर कोण? उरली केबल. कॅमेरे बसवणाऱ्याकडून उरलेला तुकडा त्याने वापरला होता. टोकाची पारदर्शक पिन उजेडात धरली, तर आठ तारांपैकी चारच आत बसवलेल्या. शंभराच्या वेगाला चार तारा पुरतात. हजाराला आठही लागतात. एक जरी तार तुटकी किंवा सैल असली, तर दोन्ही यंत्रे गुपचूप शंभरावर उतरतात, आणि कुठे चूक झाली हे पडद्यावर कोणी सांगत नाही.

गावातल्याच एका केबलवाल्याकडून 'कॅट ५ ई' जातीची केबल आणली, आठही तारा बसवून घेतल्या. केबल घेताना शुद्ध तांब्याची मागावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा दिलेली केबल स्वस्त मिळते. ती लवचीकपणात कमी, आणि टोके लवकर दगा देतात. मोटारीच्या वायरीत आपण हा अनुभव घेतलेलाच आहे.

पुन्हा फाईल लावली. संगणक तारेवर, सूनबाईंचा लॅपटॉप माजघरात वाय-फायवर. पन्नास एमबी. म्हणजे आख्खे लग्न दीड तासात. मग लॅपटॉपलाही तार लावून पाहिली. तो पातळ लॅपटॉप, त्याला केबलची खाचच नाही. म्हणून यूएसबी ३ ला लावायचे गीगाबिटचे छोटे जोडयंत्र मुलाने आणून ठेवले होते. वेग गेला एकशेपाचवर. पाऊण तासात लग्न.

सूनबाई हसून म्हणाल्या, "साहेब, एवढ्यात तर बाळसुद्धा झोपत नाही."

वाचकांपैकी कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, डिस्क उचलून खाली आणायची. खरे आहे. ज्याला वर्षातून दोनदा फोटो उतरवायचे आहेत त्याने तेच करावे. चांगली यूएसबी ३ ची डिस्क लावली की काम होते, राऊटर बदलायची गरज नाही. मोबाईलवरून मोबाईलवर चार व्हिडिओ द्यायचे असतील तर तेही मोबाईल एकमेकांना थेट देतात. पण या घरी रोज पाच-सहा वेळा फाईली खाली-वर होतात, आणि जिन्यात डिस्क एकदा हातातून पडून एका घरचा हळदीचा कार्यक्रम गेला होता. त्या लोकांना तोंड दाखवणे जड झाले, असे मुलगाच म्हणाला. जिथे काम रोजचे आणि पोटाचे आहे, तिथे तीन हजार आणि केबल हा खर्च योग्य.

राऊटर ठेवायची जागा महत्त्वाची. दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती असलेल्या घरात ५ चा पट्टा एक भिंत कशीबशी ओलांडतो. म्हणून राऊटर काम जिथे चालते तिथे, उंचावर, मोकळा ठेवावा. कोनाड्यात, लोखंडी कपाटामागे, पत्र्याच्या पेटीवर ठेवू नये. भिंतीपलीकडे वेग वाढवायला 'रिपीटर' म्हणून एक स्वस्त यंत्र विकतात. त्याने वाय-फायच्या रेघा वाढतात, पण बहुतेक रिपीटर तीच हवा पुन्हा वापरतात, म्हणून फाईलचा वेग निम्मा होतो. मोबाईल पाहायला ठीक, फाईलींना नाही. त्यापेक्षा तार ओढून दुसऱ्या खोलीत दुसरा राऊटर ठेवावा.

घरातून गोठ्यापर्यंत तार न्यायची असेल तर एका तुकड्याची मर्यादा १०० मीटर. ती विजेच्या वायरीला बांधून नेऊ नये; वेगळ्या पाईपमधून, जमिनीखालून न्यावी. आपल्याकडे वळवाच्या पावसात विजा पडतात, आणि उघड्यावरून गेलेली तांब्याची तार तो दणका घरातल्या संगणकापर्यंत आणू शकते. अंतर जास्त असेल किंवा तार मोकळ्या रानातून जात असेल, तर काचेच्या धाग्याची फायबर केबल घालावी. तिच्या धाग्यातून वीज वाहत नाही. फक्त मजबुतीसाठी आत लोखंडी तार घातलेली जात टाळावी.

वीज जाते तिथे राऊटरसाठी छोटा बॅटरीचा डबा मिळतो. बरेच राऊटर १२ व्होल्टचे, काही ९ चे. अडॅप्टरवर लिहिलेले पाहून तसाच घ्यावा. फाईल अर्ध्यावर असताना वीज गेली तर ती फाईल पुन्हा पहिल्यापासून न्यावी लागते, आणि अर्धवट आलेली फाईल पुरी समजून मूळ पुसून टाकणारेही मी पाहिले आहेत. उतरवून झाल्यावर दोन्हीकडची संख्या आणि आकार जुळवावा, मगच कार्ड कोरे करावे.

रविवारी निघताना मुलाने वाढवलेला प्लॅन पुन्हा पन्नासवर आणायला कंपनीला फोन लावला. तालुक्याच्या खोलीचे त्या दिवशी कोणी काही बोलले नाही. मीही विचारले नाही. दादा चपला घालून अंगणात उभे होते.

"झालं का साहेब तुमचं? मग आता माझ्या हरभऱ्याकडं चला."

गेलो. पश्चिमेकडच्या पट्ट्यात फुलांजवळची कोवळी पाने खरवडल्यासारखी दिसत होती, आणि पान उलटल्यावर बारीक हिरवट अळ्या हाती लागल्या. कामगंध सापळे अजून लावलेले नव्हते. हेक्टरी ५ सापळे कसे लावावेत, पक्षिथांबे कुठे रोवावेत आणि फवारणी केव्हा करावी, केव्हा करू नये, ते पुढील अंकी.